आतड्याची सूज रक्तात किती दिसते?

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाची बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. आतड्याच्या सुजेचा आजार उघड होण्याच्या तब्बल आठ वर्षं आधीपासून रक्तात बदल दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. पाच मिनिटांत काकूंचा फोन. "अगं, मग आपल्या दादाला कुणीच कसं सांगितलं नाही? किती वेळा रक्त काढलं होतं त्याचं!"

दादाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या सुजेचाच एक आजार आहे. निदान व्हायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षातले रक्ताचे सगळे रिपोर्ट मी फाईलला लावून ठेवलेत. सुरुवातीच्या पाच रिपोर्टांत एकही आकडा ठळक अक्षरांत छापलेला नाही, म्हणजे लॅबच्या हिशेबाने सगळं ठीक. आणि त्याच काळात हा माणूस दिवसातून सात-आठ वेळा संडासला धावत होता, रक्त जात होतं, आणि एका दवाखान्यात त्याला मूळव्याधीचं मलम लिहून दिलं होतं.

मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते. पण या आजारासोबत राहताना जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते काकूंना समजेल अशा भाषेत लिहायचा हा प्रयत्न आहे. कारण "रक्त तपासलं, काही निघालं नाही" या एका वाक्याने बरीच माणसं घरी परततात आणि दुखणं अंगावर काढत राहतात.

आयबीडी आणि आयबीएस: नावं जवळची, आजार लांबचे

आयबीडी म्हणजे आतड्याला प्रत्यक्ष सूज येण्याचा, जखमा होण्याचा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्यावर उलटते आणि हल्ला थांबवायचं विसरते. त्याचे दोन मुख्य प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात, गुदाशयापासून वर सरकत जातो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. दुसरा क्रोन्स डिसीज. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग त्याच्या विशेष आवडीचा, आणि तो आतड्याच्या भिंतीत आरपार जातो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी मिळून त्याचं वर्णन लिहिलं. लेखकांची नावं अकारविल्हे छापली गेली, क्रोन यांचं पहिलं आलं आणि तेच आजाराला चिकटलं.

आयबीएस हा वेगळा आजार. त्यात पोट दुखतं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होतं, माणूस हैराण होतो, पण आतडं उघडून पाहिलं तर सूज नसते, जखम नसते. त्रास खराच असतो. त्याला "मनाचे खेळ" म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. फक्त उपचार पूर्ण वेगळे. म्हणून डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न असतो, की या पोटात सूज आहे की नाही? रक्ताची नळी भरली जाते ती या प्रश्नासाठी.

सीआरपी: यकृतातून निघणारा धूर

सूज आतड्यात असो, सांध्यात असो, की दातात; तिथल्या पेशी रासायनिक निरोप सोडतात. ते यकृतापर्यंत पोचले की यकृत काही प्रथिनं भराभर बनवू लागतं. त्यांतलं सगळ्यात बोलकं प्रथिन म्हणजे सीआरपी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं.

सीआरपी चढायला काही तास पुरतात आणि सूज विझली की साधारण १९ तासांत ते निम्म्यावर येतं. म्हणजे कालपरवाची बातमी ते नीट सांगतं. पण त्याला पत्ता ठाऊक नसतो. रंकाळ्याच्या काठावर उभं राहून लांबवर धूर दिसला, तर काहीतरी पेटलंय एवढं कळतं. उसाचा पाला पेटवलाय, गुऱ्हाळाची चूल आहे की कुणाचं घर जळतंय, ते धुरावरून सांगता येत नाही. सीआरपी ३० आलं तर ते व्हायरल तापाचं असू शकतं, हिरडीतल्या पुवाचं असू शकतं, आतड्याचंही असू शकतं.

इथे एक अगदी व्यवहारातली गोष्ट सांगते, कारण आमची एक रात्र त्यापायी जागून गेली होती. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहा पटींचा फरक आहे. एका लॅबचं १.२ आणि दुसऱ्या लॅबचं १२ हा एकच आकडा असतो. दादाचं सीआरपी "१.२ वरून १२ वर गेलं" म्हणून आम्ही घाबरलो, आणि प्रत्यक्षात ते तसूभरही हललं नव्हतं. लॅब बदलली असेल तर आधी आकड्याशेजारचं एकक वाचा. शक्य असेल तर लॅब बदलूच नका.

ईएसआर: तुरटी फिरवलेलं पाणी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची. तुरटीने मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि झरझर तळाला बसतात. रक्ताचंही असंच काहीसं होतं. सूज असली की रक्तात चिकट प्रथिनं वाढतात, लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि उभ्या नळीत लवकर खाली बसतात. एका तासात वरचा पिवळसर थर किती मिलिमीटर मोकळा झाला, तो आकडा म्हणजे ईएसआर. कल्पना इतकी साधी आणि शंभर वर्षांहून जुनी आहे, की वर्गात सांगताना मुलांचे चेहरे उजळतात.

पण ही तपासणी मंद आहे. सूज ओसरल्यावरही ईएसआर कितीतरी दिवस वरच रेंगाळतो. शिवाय वय, गरोदरपण, रक्त कमी असणं, या सगळ्यांनी तो वाढतो. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. अशा देशात एखाद्या बाईचा ईएसआर ३५ आला, तर तेवढ्यावरून आतड्याविषयी काहीच म्हणता येत नाही.

फेरिटिन: धान्य पेवात, चूल थंड

जांभळ्या झाकणाच्या नळीतून जी रक्तगणना होते, म्हणजे सीबीसी, ती मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरतं, लाल पेशी लहान आणि फिकट होतात, आणि सुजेमुळे प्लेटलेट्स वाढतात. चाळिशीच्या आतल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन नीट जेवत असूनही १० वर आलं, तर गोळी देऊन पाठवण्याआधी रक्त जातंय कुठे, हे शोधायलाच हवं.

गोंधळ सुरू होतो तो पुढे, शरीरातला लोहाचा साठा मोजताना. साठा कळतो फेरिटिनवरून. एरवी फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोह कमी, इतकं सरळ आहे. पण सूज असली की हे गणित बिघडतं.

पूर्वी लुटारू येत असल्याची कुणकुण लागली की गावकरी धान्य पेवात पुरून ठेवत. पेव भरलेलं, पण चुलीवर चढवायला मूठभर दाणे नाहीत, अशी घरांची स्थिती होई. शरीरही हेच करतं. सूज म्हणजे जंतूंची धाड आली असा त्याचा समज होतो. जंतूंना लोह लागतं, म्हणून ते लोह पेशींमध्ये कोंडून ठेवतं आणि आतड्यातून नवं लोह घेण्याचं दारही बंद करतं. रिपोर्टवर फेरिटिन ७० दिसतं, सगळे निर्धास्त होतात आणि माणूस मात्र जिना चढताना धापा टाकत असतो. म्हणूनच आतडं सुजलेलं असताना फेरिटिन १०० पर्यंत असलं तरी लोहाची कमतरता असू शकते, असं तज्ज्ञ धरतात, आणि फेरिटिनसोबत सीआरपी व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय, तेही पाहतात. दार बंद असल्यामुळे लोहाच्या गोळ्याही अशा वेळी फारशा लागू पडत नाहीत, उलट पोट बिघडतं. शिरेतून लोह द्यावं लागतं. दादाने चार महिने गोळ्या घेतल्या आणि हिमोग्लोबिन अर्ध्या अंशानेही वाढलं नाही. तो गोळ्या चुकवत असणार, असं आई धरून चालली होती. तो एकही चुकवत नव्हता.

बी-१२ चं थोडक्यात. ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, आणि क्रोन्स नेमका तिथेच बसतो. तरी शाकाहारी घरांत बी-१२ तसंही कमी असतं, त्यामुळे आपल्याकडे हा आकडा पुरावा म्हणून कच्चा आहे. अल्ब्युमिन हे प्रथिन घटलेलं असेल तर आजार बरेच दिवस मुरलाय असं समजतात.

"सीआरपी नॉर्मल आहे, मग आजार नाहीच ना?"

काकूंचा खरा प्रश्न हाच होता. दादाचं सीआरपी त्या काळात ३ होतं. मर्यादा ५ ची.

क्रोन्समध्ये सूज भिंतीत आरपार जाते, म्हणून तिचा निरोप यकृतापर्यंत जोरात पोचतो आणि सीआरपी बहुधा चढतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज फक्त अस्तरात असते. त्यातून ती गुदाशय आणि त्याच्या वरच्या थोड्या भागापुरती असेल, तर रक्त पडत असूनही सीआरपी शांत राहतं. शिवाय काही माणसांच्या जनुकांतच असं असतं, की त्यांचं यकृत सीआरपी मुळात कमी बनवतं. दादाच्या बाबतीत पहिलं कारण होतं. रिपोर्ट चुकीचे नव्हते. चूक झाली ती त्यांना जे सांगताच येत नव्हतं ते त्यांच्याकडून ऐकण्यात.

मग रक्ताचा उपयोग काय? पुष्कळ आहे, फक्त तो एका आकड्यात नसतो.

पंचगंगेची पातळी

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या लहान मुलालाही पाठ असतं. पण नुसतं "३८ फूट" ऐकून कुणी सामान बांधत नाही किंवा निश्चिंतही होत नाही. पुढचा प्रश्न लगेच येतो, चढतंय की उतरतंय? काल ३२ होतं आणि आज ३८ आहे, तर माळ्यावर सामान चढवायला सुरुवात होते. काल ४२ होतं आणि आज ३८, तर माणसं सुस्कारा सोडतात.

निदान झालेल्या रुग्णात सीआरपी, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन हे असेच वाचायचे असतात. ज्याचं सीआरपी आजार भडकल्यावर ६० होतं, त्याचं औषधांनंतर ८ झालं, तर औषध लागू पडतंय. ज्याचं वर्षभर २ होतं त्याचं अचानक १४ झालं, तर लक्षणं नसली तरी विचारपूस हवी.

चढ-उताराचं हे वाचन कधी कधी जीव वाचवतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा जोरदार झटका आला की रुग्णाला भरती करून शिरेतून स्टिरॉइड देतात. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी झटका किती तीव्र हे ओळखायचे निकष मांडले: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्यासोबत ताप, जलद नाडी, उतरलेलं हिमोग्लोबिन, ३० च्या वर गेलेला ईएसआर. आजही वॉर्डात याच खुणा पाहतात. १९९६ मध्ये ऑक्सफर्डमधूनच आणखी एक अभ्यास आला. स्टिरॉइडच्या तिसऱ्या दिवशीही आठपेक्षा जास्त जुलाब होत असतील, किंवा तीन ते आठ जुलाब आणि सीआरपी ४५ च्या वर असेल, तर त्यांतल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांचं मोठं आतडं त्याच भरतीत काढावं लागलं. तेव्हापासून तिसरा दिवस महत्त्वाचा झाला. त्या दिवशीच्या सीआरपीवरून डॉक्टर ठरवतात, वाट पाहायची की इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं पुढचं औषध आणि सर्जन यांना आत्ताच हाक मारायची. जे सीआरपी निदानाच्या वेळी दादाच्या बाबतीत मुकं होतं, तेच अशा क्षणी दुसऱ्या कुणाचं आतडं वाचवू शकतं.

आपल्याकडचा पेच: क्रोन्स की टीबी?

युरोप-अमेरिकेतले लेख वाचताना हा भाग सापडत नाही, आणि आपल्यासाठी तोच सगळ्यात मोठा. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघांनाही लहान आतडं मोठ्याला मिळतं तोच कोपरा आवडतो. दोघांत ताप, वजन घटणं, पोटदुखी, आतडं अरुंद होणं. दोघांत सीआरपी आणि ईएसआर चढलेले. उपचार मात्र विरुद्ध टोकाचे. टीबीला जंतू मारायची औषधं, क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबायची. टीबी असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबली, तर टीबी अंगभर पसरू शकतो.

मग प्रतिपिंडांची तपासणी का करू नये, असं वाटतं. प्रतिपिंड म्हणजे शरीराने एखाद्या पाहुण्याविरुद्ध तयार केलेली ओळखचिठ्ठी. क्रोन्समध्ये 'आस्का' नावाची प्रतिपिंडं सापडतात, तीही गंमतशीर वस्तूविरुद्ध: पाव फुगवायच्या यीस्टविरुद्ध. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये 'पी-अँका' जास्त सापडतात. महागड्या पॅकेजमध्ये ही दोन्ही नावं दिसतात. पण भारतातल्या अभ्यासांत आस्का आतड्याच्या टीबीच्या रुग्णांतही आढळलं आहे, म्हणजे जिथे फरक करायची गरज सगळ्यात जास्त, तिथेच ते कामाला येत नाही. आणि आस्का आलं म्हणजे पाव खाऊन आजार झाला, असाही अर्थ नाही. सुजलेल्या आतड्याची भिंत गळकी होते, एरवी बाहेर राहणाऱ्या गोष्टी संरक्षणव्यवस्थेच्या नजरेस पडतात आणि तिच्या चिठ्ठ्या तयार होतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

प्रतिपिंडांवरून टीबी ओळखणाऱ्या रक्ततपासण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदीच घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या इतक्या बेभरवशाच्या ठरवल्या होत्या, की वापरूच नका असं सांगितलं होतं. 'टीबी गोल्ड' ही तपासणी त्यांच्यातली नाही. ती रक्तातल्या पेशी टीबीच्या जंतूला ओळखतात का ते पाहते. पण तिला जुना, झोपलेला टीबी आणि आत्ता जागा असलेला टीबी यांतला फरक कळत नाही. इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध सुरू करण्याआधी झोपलेला टीबी शोधायला तिचा उपयोग होतो. २००१ मध्ये त्या औषधानंतर टीबी उसळल्याची ७० प्रकरणं एकत्र प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ही खबरदारी रूढ झाली.

म्हणून शेवटी दुर्बीण लागते. आतून पाहायचं, तुकडा काढून तपासणीला पाठवायचा, टीबीसाठी जीन-एक्स्पर्ट (जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) करायचं, सीटी किंवा एमआरआय पाहायचा. इतकं करूनही कधी कधी उत्तर मिळत नाही, आणि डॉक्टर आधी टीबीची औषधं देऊन जखमा भरतात का हे पुन्हा दुर्बिणीतून पाहतात. असं सांगितलं गेलं तर डॉक्टरांना काही कळत नाही असं समजू नका. हा पेच खरोखर तेवढा अवघड आहे.

रक्तापेक्षा जवळचा साक्षीदार

संडासची तपासणी म्हटलं की लोक नाक मुरडतात. दादाने डबी दोन आठवडे घरात तशीच ठेवली होती. पण आतड्याची चौकशी करायची तर आतड्यातून नुकतंच बाहेर आलेल्याला विचारणं सोपं नाही का?

आतडं सुजलं की पांढऱ्या पेशी भिंत ओलांडून आत उतरतात आणि त्यांच्यातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात मिसळतं. नॉर्वेच्या मॅग्ने फागरहोल यांनी १९८० मध्ये या प्रथिनाचं वर्णन केलं. ते शौचात कित्येक दिवस टिकतं, म्हणून नमुना धावतपळत न्यावा लागत नाही. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतड्यात सूज असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर असेल तर सूज जोरात आहे असं धरतात. मधलं काही आलं तर थोड्या दिवसांनी पुन्हा तपासतात. ब्रिटनमध्ये आयबीएस आणि आयबीडी वेगळे करायला २०१३ पासून तिची अधिकृत शिफारस आहे.

ही तपासणी पत्ता देते, पण आजाराचं नाव देत नाही. जंतुसंसर्ग, टीबी, आणि ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढते. पण निदान घर तरी सापडतं! दादाचं सीआरपी ३ असताना कॅलप्रोटेक्टिन १,१०० आलं. पुढच्याच आठवड्यात दुर्बीण झाली आणि मूळव्याधीचं मलम कायमचं बंद झालं.

औषध सुरू झाल्यावरचं रक्त

या भागाबद्दल लोक सगळ्यात निष्काळजी असतात, म्हणून जरा ठासून लिहिते. "आता बरं वाटतंय, रक्त कशाला?" असं दादाही म्हणायचा.

ॲझाथायोप्रिन ही गोळी बऱ्याच रुग्णांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. ती अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनतात तिथे काम करते, आणि काहींच्या शरीरात ती नीट मोडली जात नाही, साठते, आणि पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने खाली येतात. युरोपातल्या लोकांत यामागे बहुधा टीपीएमटी नावाच्या जनुकातला फरक असतो. आशियातल्या लोकांत मात्र एनयूडीटी-१५ या जनुकातला फरक जास्त आढळतो. २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या रुग्णांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. म्हणजे परदेशी पुस्तकात पाहून फक्त टीपीएमटी तपासली आणि ती ठीक आली, तरी आपल्या माणसाला धोका उरतोच. ही जनुकाची रक्ततपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. ती केली तरी सीबीसी सोडायची नाही: सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी, नंतर काही महिन्यांनी, सोबत यकृताच्या तपासण्या. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत केस मुठीने गळू लागले किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

इन्फ्लिक्सिमॅब चालू असताना आजार पुन्हा डोकं वर काढू लागला, तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजता येतं. औषध कमी पडतंय, की शरीरानेच त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलीत, हे त्यातून कळतं. महागडं औषध उगाच बदललं जाण्यापासून ही एक तपासणी वाचवू शकते.

आणि हो, सीआरपी, ईएसआर, सीबीसी यांना उपाशीपोटी जायची गरज नाही. आधीच अशक्त झालेली माणसं रिकाम्या पोटी लॅबच्या रांगेत उभी दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आता डेन्मार्ककडे

त्या अभ्यासात आयबीडीचे सुमारे २० हजार रुग्ण आणि आजार नसलेले ४६ लाख लोक यांच्या नेहमीच्याच तपासण्यांचे जुने आकडे पडताळून पाहिले होते. क्रोन्समध्ये निदानाआधी आठ वर्षांपर्यंत आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तीन वर्षांपर्यंत दोन गटांत फरक दिसला. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही. आजार पहिल्या लक्षणाच्या कितीतरी आधी सुरू होतो, हे त्यातून कळलं. पण यातले बरेच बदल इतके बारीक होते, की ते नॉर्मल मर्यादेच्या आतच होते. हजारो माणसांची सरासरी काढल्यावर जो फरक दिसतो, तो एकट्या दादाच्या रिपोर्टमध्ये कुणालाच दिसला नसता.

"बरं, मग अचूक तपासणी निघाली की सगळ्यांचीच करून टाकू," काकू म्हणाल्या. मी त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. समजा एक लाख लोक आहेत आणि त्यांत १०० जणांना आजार आहे. समजा तपासणी दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगते. आजारी १०० पैकी ९० सापडतील. निरोगी ९९,९०० पैकी दहा टक्के, म्हणजे ९,९९० जणांना उगाचच "आहे" असं सांगितलं जाईल. "आहे" असं कळलेल्या शंभरातल्या जेमतेम एकाला तो आजार असेल. बाकीच्यांना धास्ती, दुर्बीण, खर्च. हीच तपासणी रक्त पडतंय, वजन घटतंय अशा शंभर लोकांत केली तर उत्तराला वजन येतं, कारण तिथे आजार असण्याची शक्यता मुळातच जास्त असते. काकूंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

आणखी एक निकाल मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटनमध्ये पांढऱ्या पेशींतल्या जनुकांची हालचाल मोजून क्रोन्स पुढे किती त्रास देईल, हे ओळखणारी रक्ततपासणी तयार झाली होती. नुकतंच निदान झालेल्या ३८६ रुग्णांत तिची कसोटी लागली. २०२४ मध्ये निकाल आला: उपचार निवडायला त्या तपासणीचा काहीच फायदा झाला नाही. पण त्याच प्रयोगात, ज्यांना सुरुवातीलाच इन्फ्लिक्सिमॅबचे प्रभावी उपचार दिले त्यांच्यातले ७९ टक्के वर्षभराने स्टिरॉइड आणि शस्त्रक्रियेवाचून आजारमुक्त स्थितीत होते. नेहमीप्रमाणे पायरी-पायरीने औषधं वाढवलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. चांगल्या रक्ततपासणीची वाट पाहण्यापेक्षा निदान लवकर होणं आणि उपचार वेळेवर मिळणं, याने जास्त फरक पडतो आहे.

घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं?

दादाचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. आई-वडिलांपैकी कुणाला आयबीडी असेल तर मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. डॉक्टरांना विचारलं, त्याचं रक्त दरवर्षी तपासायचं का? ते नाही म्हणाले. त्याची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी लिहून ठेवा, म्हणाले. मुलांमध्ये कधी कधी पोट दुखण्याआधी वाढ थांबते. जुलाब चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागलं, शौचातून रक्त गेलं, गुदद्वाराजवळ भगेंद्रासारखी जखम झाली, किंवा हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरलं, तर रिपोर्ट नॉर्मल असले तरी पोटाच्या तज्ज्ञांकडे आणा.

दाराच्या चौकटीवर आम्ही आता त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा करतो. शेवटची जानेवारीतली आहे, आणि ती आधीच्या खुणेपेक्षा चार सेंटिमीटर वर आहे.